हिरवी पट्टी, काळी पट्टी

प्रश्न : टूथपेस्टच्या ट्यूबच्या खालच्या टोकाला एक रंगीत पट्टी असते. हिरवी असली तर पेस्ट नैसर्गिक, काळी असली तर नुसती केमिकल, आणि कंपन्या हे मुद्दाम सांगत नाहीत, असं मी ऐकलंय. तेव्हापासून मी दुकानात खोकं उघडून पट्टी बघूनच ट्यूब घेते. मुलगा म्हणतो, ‘आई, तुला सगळीकडे कंपन्यांचा कट दिसतो.’ सर, खरं काय आहे?

उत्तर : ताई, ट्यूब भरण्याच्या मशीनवर माझी 22 वर्षं गेली, त्यामुळे ही पट्टी माझ्या रोजच्या कामातली. आम्ही तिला ‘आय मार्क’ म्हणायचो. ट्यूब भरायला येते ती टोपण लावून, उलटी, बूड उघडं ठेवून. मशीन तिला गोल फिरवतं. सेन्सरला पट्टी दिसली की ट्यूब थांबते, मग पेस्ट भरून बूड दाबून बंद होतं. पट्टी पुसट छापली गेली तर सेन्सर चुकतो आणि नाव भलत्याच बाजूला येतं. अशा ट्यूबांचे ढीग मी स्वतः बाजूला काढलेत. पट्टीचा रंग पार्श्वभूमीवर उठून दिसला म्हणजे झालं. बहुतेकदा वेष्टनावर जी शाई असते तीच वापरतात. आत काय भरलंय याच्याशी त्या रंगाचा काडीचा संबंध नाही. ते घटकांच्या यादीत वाचा.

पण मुलाचं म्हणणंही मला पटत नाही. कंपन्यांनी खरोखर कट केलेला आहे, तोही साध्या बल्बसाठी! ओस्राम, फिलिप्स आणि आणखी काही मोठ्या उत्पादकांनी 1924 साली जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा गट केला आणि बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधी 1500 ते 2000 तास चालणारे बल्ब मिळत होते. गटातल्या कारखान्यांचे नमुने तपासले जात, आणि बल्ब जास्त टिकला तर त्या कारखान्याला दंड! जास्त टिकणारी तार त्याच विजेत कमी उजेड देते, हे खरंच आहे. तरी टिकाऊपणाबद्दल दंड हे वाचून माझ्यातला कारागीर आजही चिडतो. दुसऱ्या महायुद्धात तो गट मोडला.

टूथपेस्टबद्दल शंका घ्यायचीच असेल, तर जाहिरातीतल्या ब्रशवर घ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची जाड लाट असते ना? एवढी लागतच नाही. वाटाण्याएवढी पुरे, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तर तांदळाच्या दाण्याएवढीच. तेवढी घेतलीत तर ट्यूब किती दिवस पुरते ते मोजून मला जरूर कळवा.