ऑटोमॅटिक गाडीला ग्राउंडिंग किट लावलं की गिअर लवकर पडतात का?

धुळ्याच्या एका भाऊंनी विचारलंय. गाडी २०१७ ची, डिझेल, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारी) सहा गिअरची ऑटोमॅटिक, ८० हजार किलोमीटर झालेली. ओव्हरटेकला पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करते, मग गिअर उतरतो. उन्हाळ्यात आणि कन्नड घाटात जास्तच. ॲक्सेसरीवाल्याने साडेतीन हजारांचं ग्राउंडिंग किट, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिन-बॉडीला जोडायच्या जादा वायरी, दाखवलंय, लावू का?

नका लावू. निदान आधी मीटर लावा, मग किटचं बघू.

मी जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला तेवीस वर्षांपासून ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. सेल्फ, डायनामो, वायरिंग. गिअरबॉक्स मी उघडत नाही, ते काम वेगळ्या मिस्त्रीचं. पण गिअरची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे पुष्कळ, कारण कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, 'वायरिंगचा लोचा असंल'. आणि आधीच कबूल करून टाकतो: ही किटं मी स्वतः विकलीत, चांगली दोन-अडीच वर्षं. खोक्यात पाच-सहा रंगीत जाड वायरी, वायरींच्या टोकांना चकाकती थिंबलं (बोल्टखाली आवळायच्या धातूच्या कड्या), बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचा एक ब्लॉक. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, म्हणून मलाही वाटायचं की काहीतरी होतच असणार.

मग आमच्या दाजींचा किस्सा घडला. ते अमळनेरला असतात. त्यांच्या गाडीची तुमच्यासारखीच तक्रार. म्हटलं, रविवारी या, किट बसवून देतो. आले. मी बॅटरीची वायर काढली, टर्मिनल घासून साफ केली, खोकं उघडलं तर आत ब्लॉकच नाही! दुसरं किट शिल्लक नव्हतं. तिकडे घरात वरण-बट्टी तयार, पाहुणे हात धुऊन बसलेले. मी जुनीच वायर जागच्या जागी आवळली, बॉनेट पाडलं आणि जेवायला गेलो. किट बसलं नाही हे सांगायचं राहूनच गेलं. संध्याकाळी दाजी निघाले आणि धरणगाव यायच्या आत त्यांचा फोन, "भो, गाडी आते कसली पयस!" म्हणजे आता कसली पळते!

किट माझ्या कपाटात. गाडी पळतेय धरणगावच्या रस्त्यावर.

नंतर डोकं लावलं तेव्हा उलगडा झाला. बऱ्याच गाड्यांत बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं सुटली की इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर तुमच्या पायाच्या सवयीवरून शिकलेल्या काही गोष्टी विसरतो आणि कोऱ्या पाटीवर सुरू करतो. गाडी काही दिवस खरोखर वेगळी वाटते. किट बसवतानाही बॅटरी सोडावीच लागते, म्हणजे श्रेय रंगीत वायरींना आणि काम केलं दहा नंबरच्या पान्याने. महिन्याभराने दाजींचाच फोन, "किट खराब झालं वाटतं, गाडी पुन्हा तशीच." तेव्हा त्यांना खोकं दाखवलं. अजून चिडवतात.

आता किट करतं काय ते बघा. गाडीत बॅटरीची प्लस वायर सगळीकडे फिरवलेली असते, पण परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा आणि इंजिनचा ब्लॉक. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर बॉडीला, एक इंजिनला किंवा गिअरबॉक्सच्या केसिंगला, आणि इंजिन ते बॉडी एखादी विणलेली पट्टी. आपण याला अर्थिंग म्हणतो. गंमत म्हणजे जपानी गाडीशौकीनही या किटच्या प्रकाराला 'अर्थिंग'च म्हणतात, हे खूळ तिकडेच फोफावलं. किट म्हणजे या मूळ वायरींना समांतर आणखी चार वायरी. बाकी काही नाही.

हिशेब मांडून बघा. १६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरभर लांबीला साधारण १.१ मिलिओम. गिअरबॉक्समधले सोलेनॉइड, म्हणजे तेलाचे रस्ते उघडझाप करणाऱ्या विजेच्या चाव्या, एकेक ॲम्पिअरच्या आसपास घेतात. सगळे मिळून पाच ॲम्पिअर धरा. किटने पूर्ण एक मिलिओम वाचवला असं मानलं तरी फायदा पाच मिलिव्होल्टचा. चालू गाडीत चौदा व्होल्ट असतात, त्यातले पाच मिलिव्होल्ट म्हणजे अठ्ठावीसशे भागांतला एक. रावेरहून भरून निघालेल्या केळीच्या ट्रकातून एक फणी उतरवली तर ट्रक घाट लवकर चढेल का? तसं आहे हे.

त्यात आणखी दोन गोष्टी. एक, सोलेनॉइडला किती करंट जातोय हे गिअरचा कॉम्प्युटर स्वतः मोजतो आणि कमी पडला तर वाढवून घेतो, म्हणजे तेवढा फरक तो तसाही भरून काढत असतो. दुसरी, ॲक्सिलरेटरच्या पॅडलचा सेन्सर. किटवाले सांगतात की सिग्नल स्वच्छ होतो. पण त्या सेन्सरची परतीची वायर बॉडीला जातच नाही, ती सरळ कॉम्प्युटरकडे जाते. बॉडीला तुम्ही मनगटाएवढी वायर जोडलीत तरी सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही.

फरक पडलाच तर पडतो सेल्फला. सेल्फ दीडशे-दोनशे ॲम्पिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. तिथे एक मिलिओमसुद्धा ०.१५ ते ०.२ व्होल्ट खातो. म्हणून जुन्या गाडीला जाड वायर लावली की सेल्फ टणटणीत फिरतो, हे खरं आहे. आणि सेल्फ चांगला फिरला की माणसाला सगळी गाडीच चांगली वाटते.

याचा अर्थ अर्थिंग खराब होतच नाही असा नाही. होतं, आणि तेव्हा गाडी भुतासारखी वागते. सुरुवातीच्या काळात चोपड्याकडची एक काळी-पिवळी जीप आली होती. ड्रायव्हर म्हणे, सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघतो. इंजिनची अर्थिंगची पट्टी तुटून लोंबत होती. परतीचा रस्ताच बंद, मग सेल्फचा सगळा करंट त्या बारक्या केबलमधून बॉडीकडे जात होता. केबलचं प्लॅस्टिक वितळून आतली तार दिसत होती. पट्टी बदलली, काम संपलं.

आणि ऑटोमॅटिकमधलं म्हणाल तर सावद्याकडची एक गाडी. टक्कर होऊन डेंटिंग-पेंटिंग झालेली, तेव्हापासून गिअर अधूनमधून एकाच जागी अडकायचा, गाडी बंद करून चालू केली की ठीक. मीटर लावला तर सेल्फ फिरताना बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि इंजिन यांच्यात ०.९ व्होल्ट. पेंटरने अर्थिंगच्या जागेवरही रंग मारला होता आणि बोल्ट त्या रंगावरच आवळला होता. रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत पत्रा काढला, थिंबल घासलं, आवळलं, वरून पेट्रोलियम जेली. रीडिंग ०.१४. गिअर पुन्हा अडकला नाही. तिथे किट लावलं असतं तरी गाडी सुधारली असती, आणि मालक जन्मभर किटचे गुण गात बसला असता. बिघडलेली जागा मात्र तशीच गंजत राहिली असती.

म्हणून तुम्हीही मोजा. दीडशे-दोनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, पण क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, नाहीतर खुंटी आणि क्लॅम्पमधला गंज मोजायचा राहून जातो. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. डिझेल गाडी चटकन चालू होते आणि आकडा निसटतो, म्हणून मीटरचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. ०.२ च्या आसपास आलं तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर कुठेतरी जोड खराब. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागची काच तापवायचं बटण सगळं लावा आणि पुन्हा बघा, आता ०.१ च्या खाली पाहिजे. हेच गिअरबॉक्सच्या केसिंगवर आणि बॉडीवर. सगळीकडे आकडे ठीक आले तर किटने सुधारायला तिथे काही उरलेलंच नाही.

मग उशीर कशाने होतो? किट न लावता घरच्या घरी एक परीक्षा करा. गाडी स्पोर्ट मोडवर किंवा मॅन्युअलवर टाका आणि गिअर स्वतः उतरवून ओव्हरटेक करा. उशीर गायब झाला तर गिअरबॉक्स ठणठणीत आहे, कंपनीने ॲव्हरेजसाठी त्याला आळशी बसवलंय एवढंच. तुम्ही पाय दाबता, कॉम्प्युटर विचार करतो की याला खरंच घाई आहे की उगाच दाबलं, मग एक क्लच सुटतो, दुसऱ्यात तेल भरून दाब चढतो, त्यात डिझेलचा टर्बो श्वास घ्यायला वेळ लावतो. सगळं मिळून अर्धा-एक सेकंद सहज जातो. तो वायरीने जाणार नाही. ओव्हरटेकच्या आधी एक गिअर खाली घ्यायची सवय लावून घ्या.

मॅन्युअलवरही तसंच राहिलं तर तेल. माझा संशय तुमच्या बाबतीत तेलावरच आहे, कारण तुम्ही उन्हाळा आणि घाट म्हणालात. ऑटोमॅटिकचं तेल साधारण ८०-९० अंशांवर काम करतं. त्याच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्म्याने घटतं असा एक ठोकताळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, त्यात एसी, पाच माणसं आणि कन्नड घाट रांगत चढायचा. पुस्तकात 'लाइफटाइम' लिहिलेलं तेल भुसावळचा उन्हाळा बघून लिहिलेलं नसतं. ८० हजारांना तेल काढून बघा. करपल्याचा वास येत असेल, रंग काळपट असेल तर बदला. एकदा ड्रेन केलं की सगळं निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून काही दिवस चालवून दुसऱ्यांदा बदलावं लागतं. लेव्हलही पाहिजे त्या तापमानाला इंजिन चालू ठेवून बघायची असते, आणि बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते. त्यामुळे हे काम ऑटोमॅटिक जाणणाऱ्याकडेच द्या. तेल तुमच्या गिअरबॉक्सला सांगितलेल्या नंबरचंच. 'सगळ्यांना चालतं' म्हणणाऱ्या डब्याला हात लावू नका.

अजून एक खूण. गाडी सपाटीवर, ब्रेक दाबून, एसी बंद, इंजिन तापलेलं. एन वरून डी वर टाका आणि हलका झटका कधी बसतो ते मोजा. एक-सव्वा सेकंदात बसायला पाहिजे, रिव्हर्सला दीडपर्यंत. दोन-तीन सेकंद लागत असतील तर तेल कमी आहे किंवा आतला दाब कमी पडतोय, तेव्हा फिरू नका, मिस्त्री गाठा.

खाली कुणीतरी विचारेलच, म्हणून एएमटीबद्दल दोन शब्द. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आली, तेव्हापासून ही तक्रार घेऊन लोक येतात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. क्लच सुटून पुन्हा लागेपर्यंत मान हलणारच. गिअर बदलायच्या क्षणी पाय किंचित उचला, धक्का कमी बसतो. एवढंच त्याचं किट.

आणि एवढं सांगूनही किट लावायचंच असेल, तर बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर एखादा छोटा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात जाणारी बारीक वायर दिसते का ते आधी बघा. तो करंट मोजणारा सेन्सर. किटची वायर थेट खुंटीला जोडली तर तेवढा करंट सेन्सरला चुकवून जातो, गाडीला बॅटरी किती भरलीय ते कळत नाही, आणि ऑटो स्टार्ट-स्टॉप, चार्जिंग सगळ्याचा घोळ होतो. माझ्याकडे अशा तीन गाड्या आल्या, तिन्ही वेळा मी पैसे घेऊन किट काढलंय. त्यातलं एक मीच बसवलेलं होतं, त्याचे नाही घेतले.

सकाळी पहिल्या सेल्फला रीडिंग घ्या, सेल्फ फिरतानाचं आणि इंजिन चालू असतानाचं वेगवेगळं, आणि इथेच खाली टाका. मॅन्युअलवर चालवून काय वाटलं तेही लिहा.