आठ महिने सुटलेली दारू पुन्हा हाती आली, तर?

"मॅडम, आठ महिने पाण्यात गेले ना?" व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला माणूस पुन्हा प्यायला की घरचे हे विचारतातच. गोव्यात पेडण्याकडच्या एका फुटबॉलपटूच्या बायकोनेही विचारलं. (तपशील बदलले आहेत.)

तो क्लबकडून पगारी खेळायचा. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, मैदान सुटलं, संध्याकाळी दारू सुरू झाली. उपचारांनंतर आठ महिने थेंबही नाही. नवल म्हणजे मैदानात परतल्यावर तो घसरला. सीझन संपलेला, नव्या कराराचं भिजत घोंगडं, आणि नेमका एप्रिल: काजूच्या भट्ट्या पेटलेल्या, जिकडेतिकडे हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू. "लिम्का घालून एकच घे" म्हणणारे टीममधलेच होते.

पण घसरण त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. त्याने व्यसनमुक्तीच्या गटसभा सोडल्या होत्या, झोप उडाली होती, पहाटे एकटाच धावायला जायचा. घरच्यांना वाटलं, काय जिद्द आहे! खेळाडूंच्या बाबतीत मला याच जिद्दीची धास्ती वाटते. दुखलं तरी दाखवायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आर्सेनल या इंग्लिश क्लबचा फुटबॉलपटू पॉल मर्सन याने १९९४ मध्ये आपल्या व्यसनांची जाहीर कबुली दिली. त्यानंतरही आपण घसरलो, हे तो स्वतःच सांगतो.

तेव्हा बायकोला म्हटलं, आठ महिने कुठेही गेलेले नाहीत. पूर्वी तो वर्ष-वर्ष लपवायचा, या वेळी चौथ्या दिवशी स्वतः फोन केला. हे तो त्या आठ महिन्यांतच शिकला.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता: "हुमणात (माशाच्या आमटीत) दारू सोडवायची गोळी मिसळली तर?" हे फार घरांत चालतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. डायसल्फिराम ही त्यासाठीची गोळी पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच देतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणंही धोक्याचं. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून त्याला आधी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवलं.

गुडघ्यासाठी तो ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी मागत होता. ही गोळी स्वतःच सवय लावते, शिवाय २०२४ पासून स्पर्धाकाळात उत्तेजक-विरोधी नियमांखाली तिच्यावर बंदी आहे. डॉक्टरांनी दुसरा उपाय काढला.

घरी एकच बदल मागितला. दारात तोंडाचा वास घेणं बंद. त्याऐवजी पगाराचा दिवस, मॅच जिंकलेली संध्याकाळ आणि काजूचा हंगाम, या तीन वेळांना कोण सोबत असेल हे आधी ठरवायचं. बायको कुरकुरली, "मग मला कळणार कसं?" तो म्हणाला, "मी सांगेन." तिचा विश्वास बसला नाही, आणि इतक्यात बसावा अशी माझीही अपेक्षा नाही. आता ती स्वतःसाठी वेगळी येते. तुमच्याजवळ बोलायला कोणी नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक घरच्यांनाही लावता येतो.