केमो पुढे ढकलण्याआधी दिवस मोजा

ताई, सणाच्या १६ दिवस आधी येणारी केमो सहा दिवस पुढे ढकलू का, असं तुम्ही विचारलंय. तयारी आधी उरकेल, आणि उलट्या आठवड्याभरात थांबतात म्हणजे सणाच्या दिवशी बरं वाटेल, हा तुमचा हिशेब. घरी वीसेक माणसं येणार आणि सासूबाईंना नाही म्हणवत नाही. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. मीसुद्धा तुमच्यासारख्याच एसी केमोच्या (ही दोन औषधांची, स्तनाच्या कॅन्सरवर देतात ती) तिसऱ्या सायकलला, म्हणजे तिसऱ्या फेरीला, अगदी हाच हिशेब केला होता.

मी डॉक्टर नाही. प्रत्येकाची औषधं आणि डोस वेगळे असतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आपण दिवस मोजतो ते मळमळीवर. पांढऱ्या पेशी मात्र त्यांच्या गतीने चालतात. जंतूंशी लढतात त्या ह्याच. तुमच्या-माझ्या औषधांवर त्या केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान सगळ्यात खाली जातात आणि २१व्या दिवसापर्यंत वर येतात. नेमकं पेशी तळाला असतात त्याच दिवसांत तोंडाला चव येते, अंगात जीव आल्यासारखा वाटतो. मी तारीख हलवली आणि सण बरोबर दहाव्या दिवसावर आणून ठेवला. तारीखही काउंटरवर बदलून घेतली, डॉक्टरांना कारण सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच थांबवलं असतं.

त्या दिवशी मी दिवसभर पाहुण्यांत बसले. जावेचा धाकटा मांडीवर होता, नाक वाहत होतं आणि तो ते माझ्याच ओढणीला पुसत होता. मला त्याला उतरवावंसं वाटलं नाही. संध्याकाळी भर गर्दीत हुडहुडी भरली. थर्मामीटरवर १००.८.

फाइलच्या पुठ्ठ्यावर 'तातडीसाठी' म्हणून एक नंबर छापलेला होता. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलून म्हणालं, "डे केअर बंद आहे, परवा ओपीडीत दाखवा, तोवर पॅरासिटामॉल घ्या." कितवा दिवस, कुठली औषधं, काही म्हणजे काही विचारलं नाही. मी गोळी घेतली, ताप ९९वर आला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पहाटे तीनला १०२.४, आणि दात वाजत होते ते थांबेनात. इमर्जन्सीत रक्त तपासलं तर एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) २००, म्हणजे फारच खाली. सहा दिवस ॲडमिट, पुढची सायकल लांबली, डोस कमी करावा लागला.

त्या फोनचा राग अजून गेलेला नाही. सुट्टीच्या दिवशी कोण उचलणार हे ठरलेलं नसेल तर तो नंबर फाइलवर छापू नये. ज्यांच्या घरी थर्मामीटर वाचणारं कुणी नसेल त्यांचं काय होत असेल?

म्हणून माझं स्पष्ट मत, थोडं कडक वाटेल. तारीख हलवू नका. आहे तीच ठेवलीत तर सणाला सोळावा दिवस येतो, तेव्हा पेशी बहुधा वर चढायला लागलेल्या असतात. तरी आदल्या दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करून घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. सुट्टी लागायच्या आत विचारा की रात्री-अपरात्री थेट कुठे जायचं, आणि तो नंबर आधी एकदा लावून बघा. ताप १००.४ किंवा वर गेला तर आधी फोन, मग गोळी. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असलं तरी हेच. इमर्जन्सीच्या दारातच "केमो चालू आहे, आज अमुकावा दिवस" असं सांगा, कारण अशा तापात पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

पाहुण्यांना नाही तुम्ही म्हणू नका, नवऱ्याला म्हणू दे. सर्दी-खोकला असलेल्याने यायचं नाही, एवढं एक वाक्य त्यांनी सगळ्यांना आधी कळवायचं. कुणी रुसलं तर रुसू दे. मी रुसवा टाळायला गेले आणि सहा दिवस सलाइनखाली काढले.

बाकी बारीकसारीक. स्वयंपाकघरापासून लांब, खिडकीजवळ बसा, तळणीच्या वासानेच मळमळ उलटते. ताजं गरम खा, टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेलं नको. डेक्साच्या (उलटी थांबवायला देतात त्या स्टेरॉइडच्या) गोळ्या चालू असताना येणारा उत्साह खरा नसतो, त्या भरात कामं अंगावर घेऊ नका, गोळ्या थांबल्या की माणूस कोसळतं. उलटीच्या गोळ्या सुट्ट्या संपेपर्यंत पुरतील इतक्या आणून ठेवा. पिक लाइन (औषधासाठी दंडातून बसवलेली नळी) असेल तर ड्रेसिंगचा वार सुट्टीत येतोय का पाहा.

पाहुण्यांत पाऊण तास बसलात की उठा, आतल्या खोलीत दार लावून पडा. मी चौथ्या सायकलला तसंच केलं. सासूबाईच दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या, कुणाला आत सोडत नव्हत्या. तुमच्या सासूबाईंना दहाव्या दिवसाचं हे एकदा नीट समजावून सांगा.