व्हॅनमध्ये रात्री झोपताना दारं लॉक करून अलार्म चालू ठेवावा की बंद?

दारं लॉक करायची, अलार्म बंद ठेवायचा. माझं हे मत बदलणार नाही.

तुम्ही लिहिलंय की व्हॅनच्या मागच्या बाजूला गादी टाकून बायको-मुलीला घेऊन पुण्याहून कोकणात निघालाय, आणि घरचे म्हणतायत, अलार्म लावल्याशिवाय झोपू नका. हे वाक्य मी आमच्या भाऊजींकडून, म्हणजे मोठ्या दिरांकडून, इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. मी आणि माझी आई दोघीच फिरतो, म्हणून त्यांनीच नाना पेठेतून अलार्म बसवून आणला होता. सेंट्रल लॉक, रिमोट, आवाज बदलत वाजणारा सायरन. काळजीपोटीच आणला, त्याबद्दल मला शंका नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये, निसर्ग वादळाच्या चार महिने आधी, आम्ही ताम्हिणीतून माणगावमार्गे दिवेआगरला गेलो. सुपारीच्या वाडीत एका खाणावळीच्या अंगणात गाडी लावली. आम्ही रस्त्याकडेला कधीच झोपत नाही. रात्रीचं जेवण त्यांच्याकडे घ्यायचं, अंगणाचे वेगळे पैसे द्यायचे, न्हाणीघर-संडास वापरायला मिळतो. आईला डायबेटीस आहे, रात्री दोनदा तरी उठावं लागतं, त्यामुळे हे महत्त्वाचं.

दहाला आत शिरलो आणि सवयीने मी रिमोटने गाडी लॉक केली. लगेच लक्षात आलं, आई रात्री दार उघडणार. म्हणून अनलॉकचं बटण दाबलं. इंडिकेटर दोनदा लुकलुकले. किल्ली पर्समध्ये टाकली, पर्स पुढच्या सीटवर ठेवली आणि मच्छरदाणी लावायला घेतली.

पावणेतीनला आईने लॉकची खुंटी वर केली आणि सरकतं दार ओढलं. सायरन सुरू झाला. ती आधीच एक पाय बाहेर टाकत होती. दचकली आणि पायरी चुकून खालच्या जांभ्याच्या फरशीवर पडली. मला ती दिसत नव्हती. मी अंधारात पर्स चाचपडत होते, कारण दार लावून सायरन थांबत नाही, रिमोटच लागतो. ती खाली "अगं बंद कर, अगं बंद कर" म्हणत होती, आणि सायरनच्या आवाजात मला फक्त "अगं" ऐकू येत होतं. दोन मिनिटं गेली असतील. वाडीतले सगळे बॅटऱ्या घेऊन अंगणात जमले होते.

आईचं उजवं मनगट मोडलं. बघता बघता हात सुजला आणि पाटली निघेना. खाणावळीच्या काकूंनी खोबरेल तेल लावून, तिच्याशी सुपारीच्या भावाबद्दल बोलत बोलत, एकेक बोट दाबत ती पाटली उतरवली. मग ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि उजाडताच परत ताम्हिणीतून पुण्याला निघालो. सहा आठवडे प्लास्टर.

घरी भाऊजी म्हणाले, "तू अनलॉक करायला विसरलीस." आणि वर, "तुझ्या आईंनी तुला उठवायला हवं होतं." बासष्ट वर्षांच्या बाईने रात्री बाहेर जाण्यासाठी परवानगी मागायची!

मी विसरले नव्हते. महिनाभराने सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, दारं लावून, रिमोटने अनलॉक केलं आणि मोबाइलवर सेकंद मोजले. तिसाव्या सेकंदाला चारही दारांची लॉकं खट्‌कन पडली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बऱ्याच अलार्मांमध्ये ही सोय असते. चुकून खिशात बटण दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये, म्हणून एकही दार उघडलं नाही की ती स्वतःच परत लॉक होते आणि अलार्मही चालू होतो. आत कुणी झोपलंय हे त्याला कळत नाही. दार उघडलं की चौकटीतलं बटण सुटतं, ज्याने आतला दिवा लागतो तेच, आणि सायरन वाजतो. धक्क्याचा सेन्सर असेल तर कूस बदलल्यानेही वाजू शकतो. आमचा वाजला नाही, कारण दिवाळीत फटाक्यांनी ओरडायचा म्हणून मी त्याचा स्क्रू आधीच पूर्ण कमी करून घेतला होता.

म्हणून आत झोपताना रिमोटला हात लावायचा नाही. ड्रायव्हरच्या दाराची खुंटी हाताने खाली दाबा, सेंट्रल लॉक असेल तर बाकीची दारंही लॉक होतात आणि अलार्म झोपलेला राहतो. किल्ली उशाखाली. कुणी खरंच गाडीशी आलं तर रिमोटवरचं पॅनिकचं बटण दाबा, सायरन तेव्हा वाजू दे. सायरन कधी वाजवायचा हे माणसाने ठरवावं, सेन्सरने नाही. भाऊजींना मी हेच सांगते, आणि ते म्हणतात, बायका बायका असताना अलार्म हवाच. आम्हा बायकांना त्या रात्री बाहेरच्या कुणाचा नाही, त्या अलार्मचाच त्रास झाला.

सरकत्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी खिटी असते, ती मोकळी आहे ना बघा, नाहीतर दार आतून उघडणारच नाही. मागचं दार बहुतेक व्हॅनमध्ये आतून उघडायची सोयच नसते, त्यामुळे सरकत्या दारापुढे बॅगा रचू नका.

कोणता अलार्म घ्यावा, हे तुम्ही विचारलंय, पण त्यात मी पडणार नाही. कंपनीकडूनच आलेला असेल तर त्याची रीत वेगळी असू शकते, गाडीचं पुस्तक वाचा. गाडी सोडून समुद्रावर जाताना अलार्म जरूर लावा, पण तेव्हा आत कुणी झोपलेलं नसावं. आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचला तर वास येत नाही आणि जागही येत नाही. काच दोन बोटं खाली, त्यावर जाळी.

निघण्याआधी पार्किंगमध्ये तीस सेकंदांची ती परीक्षा घ्याच. मुलीलाही आत बसवा, आणि दिवे बंद करून तिला स्वतःच्या हाताने दार उघडून बाहेर येऊ द्या.