फुटबॉलमध्ये खेळाडू रेफरीला मान का देत नाहीत? हे कधी बदलेल का?

बदलेल, आणि सुरुवात झालेली आहे. नियम आधीपासून कडकच होता: निर्णयावर हुज्जत घातली तर पिवळं कार्ड, शिवी दिली तर लाल. पण सात-आठ जण एकदम अंगावर धावून आले की कार्ड नेमकं कोणाला दाखवायचं? एखाद्याला मिळायचं, बाकीचे सुटायचे. घोळका केला की निभावून जातं, हे खेळाडू त्यातूनच शिकले.

म्हणून २०२४ च्या युरो स्पर्धेत यूएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या संघटनेने, ठरवलं की रेफरीशी बोलायला फक्त कर्णधार जाईल. कर्णधार गोलकीपर असेल तर दुसऱ्या एका खेळाडूचं नाव आधीच द्यायचं. इतर कोणी पुढे आला तर पिवळं कार्ड. बदल्यात रेफरीने कर्णधाराला निर्णय समजावून सांगायचा. मला हा शेवटचा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण न कळलेला निर्णय माणसाला जास्त झोंबतो.

मी पुण्यात शाळकरी मुलांच्या मॅचेसना रेफरी असतो. शनिवारी रात्री टीव्हीवर दिसलेलं रविवारी सकाळी मैदानात उतरतं. ऑफसाइड दिला की बारा वर्षांची पोरं हात पसरून अंगावर येतात, बाहेरून पालक ओरडतात, "ओ सर, दिसत नाही का?" आता आम्ही टॉसच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना सांगतो, बोलायचं ते तुम्हीच. पोरं खरंच ऐकतात. पालकांना मात्र एकेकाला बाजूला घेऊन सांगावं लागतं, आणि ते मी दर रविवारी करतो.