प्रश्न तुमचे: ब्लॉकचे फ्रीझ प्लग गळतात तेव्हा

प्रश्न: गाडीतल्या कूलंटची पातळी दर आठवड्याला खाली जाते. होज पाइप आणि क्लॅम्प बदलून झाले, रेडिएटर कोरडा आहे. सकाळी गाडीखाली थोडं ओलं दिसतं, पण इंजिन तापल्यावर काहीच सापडत नाही. ब्लॉकचा फ्रीझ प्लग गळत असेल का? खात्री कशी करायची?

उत्तर: लक्षणं तशीच आहेत. फ्रीझ प्लग म्हणजे इंजिन ब्लॉकच्या बाजूच्या भोकांवर ठोकून बसवलेली पत्र्याची झाकणं, त्यांच्या आत कूलंट असतं. गंजलेला प्लग सुरुवातीला थंड इंजिनमध्येच झिरपतो. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावून फट तात्पुरती मिटते, आणि जे थोडं बाहेर येतं तेही गरम ब्लॉकवर वाळून जातं. म्हणून शोध घ्यायचा तो पूर्ण थंड इंजिनवर, दाब देऊन.

रेडिएटर कॅपच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवा. कॅपवर जेवढा दाब छापलेला असतो तेवढाच द्या. बऱ्याच गाड्यांत तो 0.9 ते 1.1 बारच्या आसपास असतो. त्यापुढे गेलात तर जुना रेडिएटर किंवा हीटर कोअर (गाडीचा आतला भाग गरम करणारा छोटा रेडिएटर) फुटायची भीती. आता 15-20 मिनिटं काट्यावर नजर ठेवा. काटा उतरायला लागला की टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घेऊन ब्लॉकच्या दोन्ही बाजू बघा. प्लग बहुधा अडचणीच्याच जागी असतात: एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली, इंजिन माउंटच्या मागे, स्टार्टरच्या आड, काही इंजिनांत हेडच्या टोकालाही.

खूण ओळखायला सोपी आहे. प्लगच्या कडेपासून खाली उतरलेला सुकलेला ओघळ दिसतो, पांढरट, तांबूस किंवा कूलंटच्या रंगाचा. प्लगच्या तोंडावर गंजाचे फुगवटे असतात. त्यातला एखादा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच खरवडला की खालचा पत्रा कागदासारखा दबतो आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून थेंब वर येतो. ओघळ पुसा, पुन्हा दाब द्या आणि थेंब नेमका कुठे उगवतो ते पाहा. पाणी खालीच वाहणार, तेव्हा सगळ्यात वरची ओली जागा हीच गळतीची जागा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून किंवा हीटरच्या होजमधून उतरलेलं पाणीही प्लगवरून वाहून फसवतं. एवढं करूनही जागा हाती लागली नाही, तर कूलंटमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून गाडी चालवा आणि मग यूव्ही टॉर्च मारा.

काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, असं असेल तर प्लगचा नाद सोडा. आतल्या मॅटखाली हात घालून हीटर कोअर तपासा. तिथेही कोरडं असेल तर हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलची) चाचणी करून घ्या.

प्रश्न: फ्रीझ प्लग पाणी गोठल्यावर बाहेर निघण्यासाठी असतात असं ऐकलं आहे. आमच्या भागात पाणी कधी गोठतच नाही. मग प्लग खराब कशाने झाला?

उत्तर: गंजाने, आणि तोही आतून. ब्लॉक ओतताना आतली पाण्याची पोकळी वाळूच्या कोअरने तयार होते. त्या कोअरला आधार द्यायला आणि नंतर वाळू काढायला बाजूने भोकं ठेवावी लागतात. प्लग ही त्या भोकांची झाकणं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, त्या जोराने कधी प्लग बाहेर सरकतो आणि ब्लॉक वाचतो. पण ब्लॉक तडकला आणि प्लग जागेवरच राहिला, असंही सर्रास होतं. थंडीपासूनचं संरक्षण कूलंटच्या योग्य प्रमाणातून मिळतं, प्लगच्या भरवशावर राहू नये.

साधा प्लग पातळ पोलादी पत्र्याचा असतो. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलं, किंवा कूलंट वर्षानुवर्षं बदललं नाही, की त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात. ब्लॉकच्या तळाशी गाळ बसतो, प्लगच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि पत्रा खात राहतो. बाहेरून डाग दिसेपर्यंत आतून चाळण झालेली असते. म्हणूनच एक प्लग गळला की त्याच वयाचे बाकीचेही संशयित धरा. मॅनिफोल्ड किंवा माउंट काढलंच आहे, तर त्या बाजूचे सगळे बदलून टाका.

प्रश्न: ब्लॉकच्या बाजूचा कप प्लग (कपाच्या आकाराचा फ्रीझ प्लग) घरी बदलायचा आहे. कृती सविस्तर सांगाल का?

उत्तर: जागा मोकळी असेल तर नक्की जमेल. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिएटर रिकामा केल्याने ब्लॉक रिकामा होत नाही. ब्लॉकला ड्रेन बोल्ट असतो, तोही उघडा. नाहीतर प्लग निघताच उरलेलं सगळं पाणी तुमच्या हातावर येईल. कूलंट पसरट भांड्यात धरा आणि उघडं ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं, त्यामुळे जनावरं ते चाटतात आणि ते जीवघेणं ठरतं.

प्लग काढताना मधोमध हाणू नका. बोथट पंच प्लगच्या खोलगट कपात, एका कडेजवळ टेकवा आणि हातोडीचे बेताचे ठोके द्या. ती कड आत जाते, समोरची बाहेर येते आणि प्लग भोकात आडवा फिरतो. बाहेर आलेली कड व्हाइस ग्रिपमध्ये पक्की धरून ओढून काढा. फार जोर लावलात तर अख्खा प्लग पाण्याच्या पोकळीत पडतो. पडलाच तर चुंबकाने किंवा आकड्याने बाहेर काढा, तसाच ठेवू नका. प्लग फिरतच नसेल तर मध्ये लहान छिद्र पाडून त्यात स्क्रू बसवा आणि स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या झटक्याने ओढणाऱ्या अवजाराने) ओढा. ड्रिलच्या पात्याला मात्र टेप गुंडाळून खोलीची खूण करून घ्या. प्लगच्या मागे थोड्याच अंतरावर सिलिंडरची भिंत असते. पंच असो की ड्रिल, तिथपर्यंत पोहोचता कामा नये.

यानंतरचं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. भोकाच्या कडेवरचं जुनं सीलंट आणि गंज बारीक एमरी पेपरने काढा, बोट फिरवल्यावर कुठेही खडबडीत लागता कामा नये. उभा ओरखडा राहिला तर तीच पाण्याची वाट होते. पोकळीतला गाळ वाकवलेल्या तारेने मोकळा करा आणि पाण्याचा पाइप लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. गाळ तसाच ठेवून बसवलेला नवा प्लग पुन्हा त्याच मार्गाने जाईल.

नवा प्लग इंजिन नंबरवरून किंवा पार्ट नंबरवरून घ्या. निघालेला प्लग मोजून माप ठरवू नका, काढताना तो वाकलेला असतो. भोक व्हर्नियरने आडवं-उभं दोन्ही दिशांनी मोजा, प्लगचा बाहेरचा काठ त्याहून किंचित मोठा असायला हवा. खोलीही जुळायला हवी. पितळी आणि स्टेनलेसचे प्लग गंजाला जास्त दाद देत नाहीत. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर कंपनीने सांगितलेल्याच धातूचा घ्या.

भोकाची कड पुसून कोरडी करा आणि न कडकणाऱ्या गॅस्केट सीलंटचा पातळ थर भोकाच्या आतल्या बाजूला द्या. सिलिकॉनचे जाड गोळे नकोत, ते सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. कपाचं उघडं तोंड बाहेर ठेवून प्लग अगदी सरळ टेकवा. कपात सैलसर बसेल असा सॉकेट आत घाला, त्यावर एक्स्टेंशन लावा आणि सावकाश ठोका. सॉकेट कपाच्या तळाला टेकला पाहिजे. ठोका काठावर बसला तर सील करणारी कडच चेपते. भोकाच्या तोंडाला जो तिरका काठ कापलेला असतो, त्याच्या साधारण अर्धा मिलिमीटर आत प्लगची कड गेली की थांबा.

सीलंट वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, आणि इंजिन थंड असताना पुन्हा प्रेशर टेस्ट करा.

प्रश्न: नवा प्लग बसवला, दोन दिवसांत तोही ओला. प्लग सदोष असेल का?

उत्तर: दोष बहुधा बसवण्यात असतो. प्लग तिरका गेला आहे का पाहा: तोंडावर धातूची पट्टी आडवी ठेवली की एका बाजूला उजेड दिसतो. सरळ असेल तर भोकात गंजाचे खड्डे राहिले असतील किंवा माप कमी पडलं असेल. तिरका प्लग ठोकून सरळ करायला जाऊ नका, एकदा कड चेपली की तो बाद. काढा, भोक पुन्हा साफ करा आणि दुसरा नवा बसवा. कपाऐवजी बशीसारखा चपटा प्लग असेल, तर त्याचा फुगीर भाग बाहेर ठेवून मधोमध ठोका द्यावा लागतो. तो चपटा होताना कड पसरून पकड घेते. उलटा बसवला तर पकड येतच नाही.

प्रश्न: कूलंट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकतंय. गिअरबॉक्स न उतरवता काही उपाय?

उत्तर: आधी हीटरचे होज आणि हेडची मागची बाजू कोरडी आहे ना बघा, तिथलं पाणीही याच सांध्यात उतरतं. दोन्ही कोरडी असतील तर फ्लायव्हीलमागचा प्लग गेला आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. उतरवलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेटही पाहून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा पडेल.

रेडिएटरमध्ये ओतायच्या लीक-स्टॉप पावडरी आणि द्रव इथे वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. गंजलेल्या पत्र्याला ते फार दिवस धरत नाहीत आणि हीटर कोअर मात्र तुंबवतात.

नट आवळून फुगणारा रबरी प्लग हा वेगळा पर्याय आहे. हातोडी फिरवायला जागा नाही, पण हात आणि पाना पोहोचतो, अशा बाजूच्या भोकांत तो उपयोगी पडतो. त्याची मागची बाजू सिलिंडरच्या भिंतीला टेकणार नाही ना, हे आधी मोजा. रबर दबून पक्की पकड येईल एवढाच नट आवळा. इंजिन एकदा तापून थंड झालं की आवळ पुन्हा तपासा, आणि पुढे कूलंट बदलताना दर वेळी रबराला भेगा गेल्यात का ते पाहा. फ्लायव्हीलमागे मात्र तो बसवू नका. तिथे तो निसटला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.