सर्टिफिकेट आहे, पण कॉल का येत नाही?

प्रश्न : दादा, मी चोपड्याचा. बीएस्सी कॉम्प्युटर झालं, मग आयएससी-टू या संस्थेची सायबर सुरक्षेची सीसी परीक्षा पास केली, घरी पेढे वाटले. तेव्हापासून साठ-सत्तर ठिकाणी अर्ज टाकले, वर 'फ्रेशर' लिहितात अन् खाली २ वर्षांचा अनुभव मागतात. आता पुण्याचा एक क्लास ८० हजारात प्लेसमेंटची गॅरंटी देतोय, वडील म्हणतात केळीचे पैसे आले की भरू. भरू का? की अजून एक सर्टिफिकेट करू?

उत्तर : केळीचे पैसे केळीतच राहू दे भाऊ. त्या क्लासवाल्याला एवढंच म्हण की गॅरंटी लेखी द्या, पोस्ट कोणती, पगार किती, नोकरी नाही लागली तर फी कधी परत, मग बघ फोनवरचा आवाज कसा बदलतो ते.

आता सीसीचं. परीक्षा चांगलीच आहे, पण तिला अनुभवाची अट नाही, आणि त्या संस्थेनं २०२२ मध्ये १० लाख लोकांना ती फुकट द्यायचं जाहीर केलं होतं, म्हणजे एचआरच्या टेबलावर तुझ्यासारखे किती बायोडाटा पडत असतील विचार कर. तुला विषयाची भाषा कळते एवढं त्यातून दिसतं, काम येतं का ते दिसत नाही. सिक्युरिटी प्लससारखं दुसरं सर्टिफिकेट नंतर कर, जमलं तर कंपनीच्या पैशानं.

तुझ्या पत्रात एक गोष्ट कुठंच नाही, तू हातानं काय केलंस. पहिली नोकरी बहुतेक एसओसीत (कंपनीच्या कॉम्प्युटरवर हल्ला होतोय का यावर नजर ठेवणारी टीम) लेव्हल वनची असते, म्हणजे दिवसभर (आणि रात्रभर) अलर्ट बघायचे, खोटा कोणता, खरा कोणता ते ठरवायचं, खरा वाटला तर वर पाठवायचा. तर तेच घरी कर. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटू सर्व्हर ही लिनक्स सिस्टीम टाक, त्यात एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, चालू कर, आणि मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकत बस. मग लॉगिनच्या नोंदींची ऑथ डॉट लॉग ही फाइल उघड. प्रत्येक चुकीला 'फेल्ड पासवर्ड' अशी ओळ, वेळ, आयपी (कुठल्या मशीनवरून आलं तो पत्ता), सगळं दिसेल. आता जे युजरनेम मशीनवर नाहीच ते टाकून बघ, त्याच ओळीत 'इन्व्हॅलिड युजर' येतं. म्हणजे बाहेरचा माणूस अंधारात चाचपडतोय का त्याला आतलं नाव माहीत आहे, हे त्या दोन शब्दांवरून कळतं. आणि चाळीस 'फेल्ड'नंतर त्याच आयपीवरून एक 'अॅक्सेप्टेड', म्हणजे लॉगिन झालं, असं दिसलं तर? तिथं झोप उडाली पाहिजे. हे दोन पानांत साध्या भाषेत लिहून गिटहबवर (आपलं काम लोकांना दाखवता येतं ती वेबसाइट) टाक, स्क्रीनशॉटसकट. इंटरव्ह्यूत मी हेच विचारतो, पोरं पाच मिनिटं व्याख्या सांगतात अन् लॉगची एक ओळ समोर ठेवली की गप्प.

हे सगळं स्वतःच्याच मशीनवर हं. गावातल्या पतपेढीच्या वेबसाइटवर हात साफ करायला गेलास तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

दुसरं म्हणजे 'सायबर' शब्द असलेल्याच जाहिराती बघू नको. जळगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांना, दालमिलवाल्यांना, सहकारी बँकांना कॉम्प्युटर सांभाळायला माणूस लागतोच, पगार कमी असतो, खोटं कशाला सांगू. मी पण आयटी सपोर्टनंच सुरुवात केली, दीड वर्ष प्रिंटर अन् राउटर केले. एकदा बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरच्याच कपाटात ठेवली होती, पावसात वर छत गळलं, दोन्ही भिजले. बॅकअप दुसरीकडे का ठेवायचा हे मला कुठल्या परीक्षेनं शिकवलं नाही. जिथं लागशील तिथं फायरवॉल, बॅकअप, सोडून गेलेल्या लोकांची खाती बंद करणं, ही कामं स्वतः मागून घे, वर्षभरात बायोडाटाचा रंग बदलतो.

प्रश्न : सर, मी शहाद्याची, बीकॉम झालंय. या फील्डमध्ये येता येईल का? नाइट शिफ्ट असते म्हणून घरचे नको म्हणतात.

उत्तर : येता येईल ताई. एसओसी चोवीस तास चालतं, ते टळत नाही, सायबर हल्ला कळला की ६ तासांत सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवावं लागतं असा २०२२ चा नियमच आहे, त्यामुळं रात्री कुणीतरी जागं लागतं. पण तुम्ही ऑडिटच्या बाजूनं बघा. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाची कागदपत्रं तपासणं, कुणाला कशाचा अॅक्सेस आहे याची यादी जुळवणं, ही कामं बहुतेक दिवसाचीच, आणि व्हाउचर टॅली करायची सवय तिथं कामाला येते. नेटवर्किंगचं बेसिक मात्र शिकावंच लागेल, आयपी अन् पोर्ट म्हणजे काय हे सांगता आलं नाही तर ऑडिटमध्ये समोरचा काहीही ठोकून देतो आणि आपण टिकमार्क करत बसतो.